घरात गाणं ऐकायला छोटे स्पीकर घ्यायचेत? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सुदामानगरात आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी चार-सहा मंडळी गाणं ऐकायला जमतात. पोहे-जलेबी होते, मग आमीर खाँसाहेब लागतात, आणि खाँसाहेब संपले की कुणीतरी हमखास विचारतं, "हे एवढेसे स्पीकर केवढ्याला पडले?" त्यानंतर आठवडाभर फोन चालू राहतात. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. शेवटी सगळं एका जागी लिहून काढलं.

बुकशेल्फ स्पीकर म्हणजे पुस्तकांच्या कपाटातच ठेवायचे का?

नाही. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरपेक्षा लहान, कप्प्यात मावेल एवढं खोकं, म्हणून ते नाव पडलं. आत साधारण चार ते साडेसहा इंचाचा एक वूफर (खालच्या सुरांसाठी) आणि वर एक छोटा ट्वीटर (वरच्या सुरांसाठी) असतो. खरं तर पुस्तकांत कोंबले की ते घुसमटतात. पण घरात दुसरी जागाच नसेल तर कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून ठेवा आणि आजूबाजूला पुस्तकं राहू द्या. रिकाम्या कप्प्यापेक्षा भरलेला कप्पा बरा, त्यात आवाज कमी घुमतो.

घरात ब्लूटूथचा डबा आहे, टीव्हीखाली साउंडबार आहे. आता हे आणखी कशाला?

स्वयंपाक करताना बातम्या ऐकायला तो डबा उत्तम आहे, काढून टाकू नका. पण त्यात डावं-उजवं एकाच ठिकाणाहून येतं. दोन स्पीकर अंतरावर ठेवून मधोमध बसलात की गायक समोर, तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला असं दिसायला लागतं. दिसायला हाच शब्द बरोबर आहे. आमच्याकडच्या एक काकू पहिल्यांदा ऐकताना उठून मधल्या भिंतीजवळ गेल्या होत्या, तिथे तिसरा स्पीकर लपवलाय का ते बघायला.

ॲम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो का?

दोन जाती आहेत. पॅसिव्ह स्पीकरला बाहेरून ॲम्प्लिफायर लागतो. पॉवर्ड स्पीकरच्या आतच तो असतो. बहुतेक वेळा जोडीतल्या एकाच खोक्यात ॲम्प्लिफायर आणि सगळी बटणं असतात आणि दुसरं खोकं त्याला वायरने जोडलेलं असतं. म्हणूनच त्यातलं एक जड लागतं. दुकानातून घरी आल्यावर "एक खराब निघाला, हलका आहे" असा फोन मला दोनदा आलाय.

पहिल्यांदा घेत असाल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर पॉवर्ड घ्या. एक प्लग, एक वायर, झालं. पॅसिव्हमध्ये स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि वायर असा हिशेब वाढत जातो. त्यात फायदा एवढाच की पुढे एकेक भाग बदलता येतो आणि ॲम्प्लिफायर जळला तरी स्पीकर शाबूत राहतो. पॉवर्डमधली सर्किटची पट्टी गेली की आपल्याकडे दुरुस्त करणारा शोधावा लागतो. वीस वर्षं वापरायचा विचार असेल तर पॅसिव्ह. सात-आठ वर्षं चालले तरी पुष्कळ असं वाटत असेल तर पॉवर्ड.

हल्ली हाताच्या पंजाएवढे क्लास-डी, म्हणजे कमी वीज खाणारे आणि कमी तापणारे, ॲम्प्लिफायर मिळतात. फोसी, आयिमा अशी नावं दिसतात, आणि यांतल्या बऱ्याच डब्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ जातीची चिप असते. घरगुती ऐकण्याला ते पुरतात. मात्र सोबतचा अडॅप्टर बघून घ्या. डब्यावर छापलेले वॅट तो अडॅप्टर पुरेसे व्होल्ट देईल तेव्हाच निघतात.

किती वॅटचे घेऊ?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत कमी महत्त्वाचा आहे.

कॉलेजात असताना मी १००० वॅट पीएमपीओ छापलेला एक सेट आणला होता. दोन्ही स्पीकर एका हातात उचलता येत होते, तेव्हाच कळायला हवं होतं. पीएमपीओ हा आकडा जाहिरातवाल्यांनी काढलेला. क्षणभराचा, कुठल्याच नियमात न बसणारा. त्याच्याकडे बघूच नका, फक्त आरएमएस, म्हणजे सतत देता येतील ते वॅट, बघा.

आता साधं गणित. छोट्या स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल लिहिलेली असते. म्हणजे साधारण एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल. तुम्ही दोन मीटरवर बसलात तर त्यातले पाच-सहा कमी होतात, दुसरा स्पीकर तीनेक भरून देतो. म्हणजे एका वॅटवरच ८० च्या वर आवाज आहे. आपण बोलतो ते ६० च्या आसपास. दहा बाय बाराच्या खोलीत वीस वॅटमध्ये शेजारचे भाऊ बेल वाजवायला येतील.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणून वीस वॅट आणि तीस वॅट यांत कानाला जवळजवळ काही फरक नाही. संवेदनशीलता मात्र ८४ वरून ८७ झाली तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. बघायचंच असेल तर हा आकडा बघा.

ओमचं, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाच्या आकड्याचं, काय?

६ किंवा ८ ओम असेल तर डोळे मिटून घ्या. ४ ओमचे असतील तर ॲम्प्लिफायरवर ४ ओम चालतं असं लिहिलंय का तेवढं तपासा. पॉवर्ड घेणाऱ्यांनी हा प्रश्न सोडून द्या.

एवढ्याशा खोक्यात खर्ज कुठून येणार? चार इंची पुरेल का?

आपण काय ऐकतो त्यावर आहे, आणि इथे आपल्या लोकांचं नशीब चांगलं आहे.

पुरुष गायकाचा षड्ज (सा) पेटीच्या काळी एकला धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनं, होतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. बाईंचा षड्ज काळी चारला धरला तर २०८ आणि खर्ज १०४. बरे चार इंची स्पीकर ६० ते ७० हर्ट्झपर्यंत उतरतात, पाच इंची ५० ते ५५ पर्यंत. म्हणजे ख्याल, नाट्यगीत, भावगीत, भजन यांतला गळा जवळजवळ सगळा चार इंचात बसतो. डग्ग्याची घुमारी थोडी कापली जाते, ती पाच इंचात येते. पखवाज किंवा धृपद जास्त ऐकत असाल तर पाच इंचीच घ्या.

कान आपला स्वतःही थोडं काम करतो. मूळ सूर गायब असला तरी वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे त्याच सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांवरून, तो तळाचा सूर जुळवून घेतो. साध्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं काहीच येत नसे, तरी पलीकडे बाबा बोलतायत की आई हे आपल्याला कळायचंच. तंबोऱ्यात तर जवारीमुळे (घोडीवर तार जिथे हलकेच टेकून झंकारते तिच्यामुळे) वरचे स्वरांश इतके भरपूर असतात की छोट्या स्पीकरवरही तो तंबोराच वाटतो.

मात्र लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. अमेरिकेतल्या हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो आणि कुठल्याही कंपनीची त्यातून सुटका झालेली नाही. मूठभर डब्यातून कुणी धडधड काढून दाखवली तर समजा की ८०-१०० हर्ट्झला मुद्दाम फुगवटा दिलाय. तो फुगवटा दुकानात पाच मिनिटं झकास वाटतो. घरी खाँसाहेबांचा मंद्र सप्तक लावला की एक सूर ढोलासारखा येतो आणि शेजारचा बुडून जातो.

आमच्याकडे जुनी रेकॉर्डिंग जास्त ऐकतात. त्यासाठी वेगळं काही बघावं का?

हो. इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत हेच ऐकतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जुन्या तबकड्यांवर वरचे सूर फारसे नसतात. तिथे असते ती खरखर. दुकानात चमकदार वाटावा म्हणून काही स्पीकरांचा ट्वीटर तिखट केलेला असतो. नव्या सिनेसंगीतात तो झगमगतो, पण तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवर गाण्याआधी खरखरच अंगावर येते. तुम्हाला मऊ ट्वीटर हवा. तपासायची सोपी रीत म्हणजे बाईच्या आवाजातलं ओळखीचं गाणं लावायचं आणि फक्त स, श, च या अक्षरांकडे कान द्यायचा. ती टोचली तर पुढचा स्पीकर बघा. लताबाईंचा जन्म १९२९ साली आपल्या इंदुरातच झाला, तेव्हा परीक्षेला त्यांचंच गाणं घ्यायला हरकत नसावी.

कुमारजींचं रेकॉर्डिंग लावलंत तर सुरुवातीची अर्धी मिनिट नुसता तंबोरा ऐका. देवासच्या त्या घरात तंबोरे किती बारकाईने लावले जात हे जाणकारांना ठाऊक आहे. दोन तंबोऱ्यांचा एक गोळा ऐकू आला तर स्पीकर मध्यम. दोन वेगळे कळले तर खिशात हात घालायला हरकत नाही.

साठच्या दशकापर्यंतची बहुतेक सिनेगीतं मोनो आहेत. "मग दोन स्पीकर फुकटच" असं म्हणू नका. मोनो गाणं दोन स्पीकरवर लावलं की गळा बरोबर मधोमध हवेत उभा राहायला हवा. तो डावीकडे सरकलेला असेल तर जागा चुकलीय. कुठूनच नीट येत नसेल आणि खर्जही पातळ वाटत असेल तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीय. यापेक्षा चांगलं तपासणीचं यंत्र विकत मिळत नाही.

ठेवायचे कुठे?

पाच हजार जास्त घालून जो फरक पडतो त्याहून मोठा फरक स्पीकर दोन वीत पुढे ओढल्याने पडतो. हे कुणाला पटत नाही, म्हणून मी रविवारी आलेल्या माणसालाच ते उचलून हलवायला लावतो.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. दोन स्पीकरांत दीड-दोन मीटर अंतर असेल तर तुम्हीही तेवढ्याच अंतरावर बसा. ट्वीटर कानाच्या उंचीला. आपल्याकडे पुष्कळ जण खाली सतरंजीवर बसून ऐकतात. तसं असेल तर स्पीकर पाटावर किंवा ठेंगण्या स्टुलावर यायला हवेत, कपाटाच्या डोक्यावर नाहीत. टेबलावर ठेवावेच लागले तर खाली स्पंजचे तुकडे घालून तोंड थोडं वर करा.

भिंतीला टेकवले की खर्ज फुगतो, कोपऱ्यात सरकवले की आणखी फुगतो. मागच्या बाजूला भोक असलेले स्पीकर तर भिंतीपासून निदान वीतभर पुढे हवेत. तेवढी जागा नसेल तर भोक पुढच्या बाजूला असलेले किंवा बंद खोक्याचे बघा. नाहीतर भोकात स्पंजची सैल गुंडाळी घाला, फुगवटा बराच उतरतो.

आणि खोली. इंदुरातल्या नव्या फ्लॅटांत खाली चकचकीत टाइल, भिंती कोऱ्या, एका बाजूला मोठी काच. टाळी वाजवून बघा. टाळीला शेपटी आली तर कुठलाही स्पीकर तिथे कर्कश वाटणार. समोर जाड सतरंजी, काचेवर जाड पडदा आणि पाठीमागे पुस्तकांचं कपाट किंवा रचून ठेवलेल्या गाद्या, एवढ्याने काम होतं. आमच्याकडे आजीच्या वेळच्या गोधड्या पलंगावर थप्पी लावून ठेवल्यात. पाहुण्यांना वाटतं धुणं राहिलंय.

शोकेसमधले काचेचे पेले आणि लोखंडी कपाटाचं सैल दार हेही बघा. एका वहिनींचा नवा स्पीकर ठरावीक सुरावर झणझणत होता. दुकानदाराशी वाद झाला, परत द्यायची तयारी झाली, आणि शेवटी कपाटावरचं पितळी घंगाळं सापडलं.

महाराणी रोडवर जाऊन घ्यावेत की ऑनलाइन मागवावेत?

ऐकायला मिळत असेल तर दुकान, नसेल तर परतीची सोय असलेलं ऑनलाइन. बाजारात पुष्कळदा पीए सिस्टीम (सभा-समारंभाचे मोठे स्पीकर) आणि पार्टीचे डबेच पुढे करतात. "भिया, ये ले जाओ, पूरा मोहल्ला हिलेगा." आपल्याला मोहल्ला हलवायचा नाही हे सांगताना जरा खंबीर राहावं लागतं.

ऐकताना स्वतःची गाणी फोनमध्ये भरून न्या. दोन स्पीकर शेजारी लावून ऐकत असाल तर दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा कानाला नेहमीच चांगला वाटतो. विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

एखादं नाव सांगून टाका ना.

पॉवर्डमध्ये एडिफायरचा आर १२८० टी हा बऱ्याच घरांत पहिला स्पीकर असतो. चार इंची वूफर, दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस. ब्लूटूथ आणि ऑप्टिकल (प्रकाशाच्या वायरने टीव्हीला जोडायची सोय) हवं तर त्याच्याच घराण्यातला आर १२८० डीबी. दिसायला जुन्या रेडिओसारखा, ऐकायला शांत. संगणकाच्या टेबलावर जवळून ऐकणार असाल तर प्रीसोनसचा एरिस ३.५ बघा. तो मात्र मोठ्या खोलीचा नाही.

पॅसिव्हमध्ये व्हार्फडेलची डायमंड मालिका, डालीची स्पेक्टर, एलॅकची डेब्यू ही नावं ऐकून बघण्यासारखी. माझा स्वतःचा कल व्हार्फडेलकडे, जुन्या गाण्यांशी त्याचं भांडण होत नाही. कोलकात्याची सोनोडाइन आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेलच, तीही मनात ठेवा.

जुनी जोडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

घ्या, पण आधी बोट लावून बघा. वूफरभोवतीची कडा रबराची असेल तर ती टिकते. फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत भुसभुशीत होते, बोट लावल्यावर भुगा पडतो. वूफरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, चारी बोटांनी हलकेच आत दाबा. आतून घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल (आतली तारेची गुंडाळी) चिकटतेय, हात जोडून परत या. दोन्ही ट्वीटरना जवळून कान लावून ते वाजतायत ना याची खात्री करा. वूफर वाजत असला की ट्वीटर मेलेला चटकन लक्षात येत नाही.

वायर महाग घ्यावी का?

इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची बहुतारी वायर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, टोक खरवडून बघा. सोन्याच्या पिनांचे पैसे सराफ्यात खर्च करा. तिथे रात्री खाऊगल्ली भरते, निदान पोट भरेल.

टीव्हीला जोडता येतील का? ब्लूटूथने आवाज बिघडतो का?

टीव्हीला ऑप्टिकल किंवा हेडफोनचं भोक असेल तर जोडता येतात. टीव्हीसाठी ब्लूटूथ टाळा, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. नुसतं गाणं ऐकायला ब्लूटूथ चालतं. फरक असतो, पण यूट्यूबवर कुणी कॅसेटवरून चढवलेल्या मैफलीत तो शोधू नका. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा डॅक डोंगल (फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारा जोड) घ्या, काम स्वच्छ होतं.

नवे स्पीकर पन्नास तास वाजवून 'मोकळे' करावे लागतात म्हणे?

वाजवा, गाणी ऐकून होतील. बदलतात ते मुख्यतः आपले कान.

आवाज फाटतोय, स्पीकर खराब झाला का?

आधी बटण कुठे आहे ते बघा. छोटा ॲम्प्लिफायर शेवटच्या टोकापर्यंत पिळला की लाटेची डोकी कापली जातात आणि त्यात ट्वीटर जळतो. स्पीकर जास्त वॅटच्या ॲम्प्लिफायरनेच जळतात असं नाही, कमी वॅटचा पिळूनही जळतात. फाटल्यासारखं वाटलं की मागे या.

गणपतीत सोसायटीच्या मंडपात लावता येतील?

नाही. घरच्या आरतीला लावा. मंडपासाठी भाड्याने आणा.

देखभाल काय?

जाळी लावून ठेवा, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, कोनला ओलं फडकं लावू नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर तिथून हलवा, खोकी दाबलेल्या लाकडी भुशाची असतात आणि फुगतात. मागच्या भोकात पाल शिरते, हे मी अनुभवाने सांगतोय. दोन दिवस बिलासखानी तोडीत कुणीतरी टकटक करत होतं. आता तिथे बारीक जाळी लावलीय.

आणि रंगपंचमीच्या आदल्या रात्री चादर घाला. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली की गुलाल आपल्या गल्लीतही येतो आणि रबरी कडेच्या खाचेतून तो पुढच्या वर्षीपर्यंत निघत नाही. आमच्या डाव्या स्पीकरची कडा अजून गुलाबी आहे.